पोटामागचा मोठा सार्कोमा आणि त्याची शस्त्रक्रिया

सीटी स्कॅनच्या अहवालात पोटात वीस-पंचवीस सेंटीमीटरची गाठ असल्याचे वाचले की रुग्णाच्या आणि नातेवाइकांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो आकाराचा: एवढी मोठी गाठ निघेल का? शल्यचिकित्सकाला मात्र आकाराची तेवढी धास्ती नसते. तीस सेंटीमीटरची, कित्येक किलो वजनाची गाठसुद्धा अखंड बाहेर काढता येते. उलट आठच सेंटीमीटरची गाठ लहान आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य रोहिणीला वेढा घालून बसली असेल, तर तिला हात लावणे अशक्य ठरू शकते. शल्यचिकित्सकाला खरी चिंता असते ती गाठीच्या कडेची, म्हणजे गाठ नेमकी कुठे संपते आणि तिच्याबरोबर शेजारचे काय काय काढावे लागेल याची. या आजाराच्या उपचारातले जवळजवळ सगळे निर्णय आणि सगळे वाद या कडेभोवतीच फिरतात, आणि त्यांतले बहुतेक निर्णय पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधीच घ्यावे लागतात.

चरबी, स्नायू, रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि त्यांना बांधून ठेवणारे तंतू यांना मिळून मृदू ऊती म्हणतात, आणि या ऊतींपासून उद्भवणाऱ्या कर्करोगाला सार्कोमा म्हणतात. प्रौढांना होणाऱ्या सर्व कर्करोगांत मृदू ऊतींच्या सार्कोमाचा वाटा जेमतेम एक टक्का आहे. त्यांतले बहुसंख्य हातापायांत, विशेषतः मांडीत होतात. साधारण १० ते १५ टक्के मात्र पोटाच्या मागच्या भागात वाढतात. आतडी ज्या पातळ आवरणाच्या पिशवीत असतात त्या आवरणाच्या मागे आणि पाठीच्या कण्याच्या पुढे एक जागा असते, तिला वैद्यकीय भाषेत रेट्रोपेरिटोनियम म्हणतात. दोन्ही मूत्रपिंडे, त्यांच्या मूत्रवाहिन्या, स्वादुपिंड, महारोहिणी, शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणारी अधोमहाशीर, उभ्या मोठ्या आतड्याच्या मागच्या बाजू आणि कमरेचा सोआस हा जाड स्नायू हे सारे या जागेत किंवा तिच्या काठावर असते, आणि उरलेली पोकळी चरबीने भरलेली असते.

या जागेला पुढच्या बाजूने हाडाची भिंत नाही. गाठ वाढू लागली की आतडी निमूटपणे पुढे सरकतात, मूत्रपिंड दुसऱ्या बाजूला ढकलले जाते, आणि यातला कोणताही अवयव बराच काळ तक्रार करीत नाही. म्हणून ही गाठ लक्षात येते तेव्हा बहुधा पंधरा सेंटीमीटरच्या आसपास किंवा त्याहून मोठी झालेली असते. रुग्ण सांगतो ती लक्षणे अगदी साधी वाटावीत अशी असतात: पोटाचा घेर वाढला, दोन घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटते, एका पायाला सूज येते, मांडीच्या पुढच्या बाजूला बधिरपणा येतो. काहींच्या बाबतीत पोटामागची चरबीची गाठ जांघेतल्या वाटेने खाली उतरते आणि हर्नियाचे रूप घेते. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत सापडलेला चरबीचा नेहमीपेक्षा मोठा गोळा तपासणीला न पाठवता टाकून दिला, तर आजाराचा पहिला आणि सर्वांत स्वस्त पुरावा त्याच्याबरोबर जातो. वजनाचीही गंमत अशी की हातपाय वाळत असताना काट्यावरचा आकडा तसाच राहतो, कारण शरीर जे गमावते ते गाठ भरून काढते. अशा रुग्णाच्या पोषणाचा अंदाज वजनावरून बांधणे म्हणूनच फसवे असते.

पोटामागच्या सार्कोमाचे अनेक प्रकार आहेत, परंतु त्यांतल्या दोन घराण्यांची ओळख पुरेशी आहे. पहिले चरबीपासून होणाऱ्या लायपोसार्कोमाचे. याचा एक उपप्रकार जवळजवळ साध्या चरबीसारखाच दिसतो, सावकाश वाढतो आणि दूरच्या अवयवांत सहसा पसरत नाही. मात्र काढलेल्या जागी पुन्हा येण्याची त्याची खोड जबरदस्त असते. त्याच चरबीत कधी कधी एखादा घट्ट, आक्रमक भाग तयार होतो आणि तो दुसरा उपप्रकार ठरतो. हा वेगाने वाढतो आणि फुप्फुसापर्यंत जाऊ शकतो. या दोन्ही उपप्रकारांत बाराव्या गुणसूत्रावरच्या एमडीएम२ या जनुकाच्या प्रती वाजवीपेक्षा कितीतरी अधिक झालेल्या असतात, त्यामुळे निरुपद्रवी चरबीच्या गाठीपासून त्यांना वेगळे ओळखण्यासाठी ही जनुकीय तपासणी फार उपयोगी पडते. दुसरे घराणे गुळगुळीत स्नायूंपासून होणाऱ्या लायोमायोसार्कोमाचे. हा बऱ्याचदा अधोमहाशिरेच्या किंवा एखाद्या लहान शिरेच्या भिंतीतूनच उगवतो; त्याची कड तुलनेने स्पष्ट असते, काढलेल्या जागी तो कमी वेळा परततो, पण रक्तातून फुप्फुसात आणि यकृतात पसरण्याचा धोका मोठा असतो. एकाच जागेतल्या, एकाच आकाराच्या दोन गाठींची शस्त्रक्रिया वेगळी का असते याचे उत्तर या स्वभावभेदात आहे.

म्हणूनच चाकू हातात घेण्यापूर्वी गाठीचा प्रकार कळणे आवश्यक असते. छाती, पोट आणि ओटीपोट यांचा शिरेतून औषध देऊन केलेला सीटी स्कॅन ही पायाभूत तपासणी. अनुभवी रेडिओलॉजिस्ट त्यात केवळ गाठ पाहत नाही; उजव्या आणि डाव्या बाजूची चरबी शेजारी ठेवून तुलना करतो. एका बाजूचे मूत्रपिंड मधल्या रेषेपलीकडे ढकलले गेले आहे आणि त्याच्याभोवतीची चरबी दुसऱ्या बाजूपेक्षा कितीतरी जास्त व किंचित धूसर आहे, असे दिसले की ती जास्तीची चरबी म्हणजेच आजार असू शकतो. अहवालात फक्त मधल्या घट्ट भागाचे माप लिहून भोवतालची चरबी सोडून दिली गेली, तर शस्त्रक्रियाही तेवढ्याच भागाची होण्याची भीती असते.

यानंतर सुईची बायोप्सी. सुई टोचली की कर्करोग पसरतो ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे, त्यामुळे याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे. पाठीच्या किंवा कुशीच्या बाजूने, पोटाचे आवरण न ओलांडता, सीटीच्या मार्गदर्शनाखाली एक बाहेरची नळी गाठीपर्यंत नेतात आणि त्या नळीतूनच जाड सुईने अनेक तुकडे घेतात. नळीमुळे सुई दर वेळी नव्या मार्गाने आत-बाहेर होत नाही. अशा पद्धतीत सुईच्या वाटेवर पेशी रुजण्याचा धोका अत्यल्प असतो. पोट उघडून किंवा दुर्बिणीने गाठीचा तुकडा काढणे मात्र टाळले पाहिजे, कारण त्यात गाठीचे आवरण फाटते आणि पेशी पोटभर सांडू शकतात. बारीक सुईने नुसत्या सुट्या पेशी ओढून घेण्याची तपासणीही येथे पुरेशी नसते. तुकडे घेताना गाठीचा घट्ट, अधिक आक्रमक वाटणारा भाग निवडावा लागतो. नुसत्या चरबीतून घेतलेला तुकडा आजार प्रत्यक्षापेक्षा सौम्य दाखवतो. बायोप्सीचे खरे मोल तेव्हा कळते जेव्हा उत्तर भलतेच निघते. लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, असेल तर त्याला औषधे लागतात, मोठी शस्त्रक्रिया नव्हे. तरुण पुरुषातली गाठ वृषणातल्या कर्करोगाशी नाते सांगणारी असू शकते आणि ती रक्ततपासणीत उघड होते. मूत्रपिंडावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथीची रक्तदाब वाढवणारी गाठ असल्याचा संशय असेल, तर तिच्या संप्रेरकांची तपासणी बायोप्सीच्याही आधी करावी लागते, कारण तयारी न करता तिला सुई लावणे किंवा भूल देणे दोन्ही धोक्याचे आहे. चरबीच्या गाठीचे चित्र स्कॅनवरच निर्विवाद असेल तर क्वचित बायोप्सीशिवायही पुढे जातात, परंतु तो निर्णय या आजाराची सवय असलेल्या चमूने घ्यावा.

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रियेकडे येऊ. पोट उघडले की ही गाठ पुष्कळदा एका चकचकीत आवरणात बंदिस्त असल्यासारखी दिसते. बोट घातले तर त्या आवरणाच्या कडेने ती सहज सुटू लागते, आणि अर्ध्या तासात मोकळी करून काढावी असा मोह होतो. हे आवरण फसवे आहे. गाठीने दाबलेल्या शेजारच्या ऊतींचाच तो थर असतो आणि गाठीच्या पेशी त्याच्या आत-बाहेर पसरलेल्या असू शकतात. भिंतीवर ओल येते तेव्हा डाग जिथे संपलेला दिसतो तिथे ओल संपलेली नसते. डागापुरताच गिलावा खरवडला तर काही महिन्यांत त्याच्या कडेने पुन्हा डाग उमटतो. चरबीसारख्या दिसणाऱ्या लायपोसार्कोमात तर डागही धड दिसत नाही, कारण पिवळ्या चरबीतच किंचित वेगळ्या छटेची पिवळी चरबी मिसळलेली असते आणि शल्यचिकित्सकाचे डोळे व बोटे दोन्ही फसतात.

हातापायाच्या सार्कोमात गाठीभोवती दोन-तीन सेंटीमीटर निरोगी स्नायू काढून सुरक्षित कड मिळवता येते. पोटामागे तशी मोकळी जागा नाही, गाठीला खेटून अवयवच आहेत. म्हणून गाठीला चिकटलेले आणि काढता येण्याजोगे अवयव तिच्यासकट एकाच गठ्ठ्यात काढायचे, म्हणजे तो अवयवच सुरक्षित कडेचे काम करतो, हा विचार पुढे आला. उजव्या बाजूला यात बहुधा उजवे मोठे आतडे, उजवे मूत्रपिंड आणि सोआस स्नायूचे आवरण किंवा स्नायूचा काही भाग येतो. डाव्या बाजूला डावे मोठे आतडे, डावे मूत्रपिंड, आणि गाठ वरपर्यंत गेली असेल तर प्लीहा व स्वादुपिंडाचे शेपूट. २००९ साली इटलीतल्या मिलानच्या आणि फ्रान्सच्या शल्यचिकित्सकांनी या पद्धतीचे अनुभव स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. मिलानने अभ्यासलेल्या रुग्णांत पाच वर्षांत त्याच जागी आजार परतण्याचे प्रमाण आधीच्या पद्धतीत ४८ टक्के होते, ते या विस्तृत पद्धतीत २९ टक्क्यांवर आले.

हे आकडे प्रभावी आहेत, पण एक पथ्य पाळून वाचले पाहिजेत. ही तुलना आधीच्या काळातल्या रुग्णांशी केलेली होती. चिठ्ठी टाकून दोन गट पाडून केलेली नव्हती. मधल्या काळात स्कॅन सुधारले, रुग्णांची निवड सुधारली, शल्यचिकित्सकांचा हातही बसला. त्यामुळे ‘जितके जास्त काढू तितके चांगले’ असा सरसकट निष्कर्ष काढणे मला योग्य वाटत नाही, आणि आजची विचारपद्धतीही तशी नाही. लायपोसार्कोमात कड अस्पष्ट असते, म्हणून तिथे शेजारचे अवयव उदारपणे काढण्यात अर्थ आहे. लायोमायोसार्कोमात मुख्य धोका दूर पसरण्याचा असतो आणि तो शेजारचे निरोगी मूत्रपिंड काढल्याने कमी होत नाही. तिथे प्रत्यक्ष चिकटलेली शीर आणि अवयव एवढेच काढले जातात. शिवाय प्रत्येक अवयवाची किंमत वेगळी असते. मोठ्या आतड्याचा तुकडा काढून टोके जोडली तर माणूस पूर्ववत जगतो; स्वादुपिंडाचे डोके आणि त्याला लगडलेले लहान आतडे काढणे ही जीव धोक्यात घालणारी गोष्ट आहे, म्हणून त्यात आजार घुसल्याची खात्री असल्याशिवाय तिकडे कोणी जात नाही.

मूत्रपिंडाबद्दल रुग्ण हटकून विचारतात: त्यात गाठ गेलेलीच नाही, मग ते का काढायचे? गाठ मूत्रपिंडात सहसा शिरत नाही हे खरेच आहे. पण मूत्रपिंडाभोवतीची चरबी हे लायपोसार्कोमाचे लाडके ठिकाण आहे, आणि ती चरबी पूर्ण काढून मूत्रपिंड मात्र सुखरूप मागे ठेवणे बहुतेक वेळा जमत नाही. म्हणून आधी मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन आणि दोन्ही मूत्रपिंडांचे वेगवेगळे काम दाखवणारा स्कॅन पाहतात. दुसरे मूत्रपिंड व्यवस्थित असेल तर एकावर आयुष्य निभावते. ते अधू असेल तर योजना बदलावी लागते.

तयारीचा काळ दोन-तीन आठवड्यांचा असू शकतो आणि तो वाया जात नाही. प्लीहा काढण्याची शक्यता असेल तर न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस या जंतूंविरुद्धच्या लसी शक्यतो दोन आठवडे आधी दिल्या जातात. पोषण सुधारणे, चालण्याचा आणि श्वासाचा व्यायाम, धूम्रपान बंद करणे, रक्ताची सोय करणे, आणि रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाला आधीच चमूत घेणे ही कामे याच काळात होतात.

शस्त्रक्रियेच्या दिवशी छातीच्या हाडाच्या टोकापासून खाली ओटीपोटापर्यंत उभा छेद घेतला जातो. एवढी गाठ दुर्बिणीच्या छिद्रांतून, तुकडे करून बाहेर काढण्याचा विचारही करू नये, कारण तुकडे करणे म्हणजे पोटात बी पेरणे. उजव्या बाजूची गाठ असेल तर गाठीला जवळजवळ न शिवता भोवतालून सुरुवात होते: लहान आतड्याचे शेवटचे टोक आणि आडवे मोठे आतडे कापून उजव्या आतड्याची रसद आधी तोडली जाते, लहान आतड्याचा पहिला भाग आणि स्वादुपिंडाचे डोके गाठीपासून हळूहळू सोडवून डावीकडे वळवले जाते, आणि मग अधोमहाशीर उघडी पडते. तिच्या कडेने खाली-वर सरकत मूत्रपिंडाची रोहिणी आणि नंतर शीर बांधतात. या टप्प्यावर भूलतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांचे बोलणे सतत चालू असते: जड गाठ मधल्या बाजूला कलली की अधोमहाशीर दाबली जाते, हृदयाकडे जाणारे रक्त घटते आणि रक्तदाब एकदम उतरतो, भूलतज्ज्ञाने तसे सांगितले की गाठ पुन्हा जागेवर ठेवून काही क्षण थांबावे लागते. मागची बाजू शेवटी येते. सोआस स्नायूचे आवरण खरवडून गाठीबरोबर उचलताना त्या स्नायूतून जाणारा फेमोरल मज्जातंतू जपायचा असतो, कारण तो गेला तर गुडघा ताठ धरून उभे राहता येत नाही. लायोमायोसार्कोमाने अधोमहाशीरच व्यापलेली असेल तर तिचा तो भाग काढून कृत्रिम नळी बसवतात. मात्र शीर सावकाश बंद होत गेलेली असेल तर शरीराने बाजूच्या शिरांचे पर्यायी मार्ग आधीच तयार केलेले असतात आणि कधी कधी नुसती बांधली तरी चालते.

बाहेर काढलेल्या गाठीला शल्यचिकित्सक दोरे बांधून वरची, खालची, कण्याकडची बाजू दाखवून ठेवतो. पॅथॉलॉजिस्ट तिच्यावर शाई लावून सर्व कडा तपासतो. वीस-तीस सेंटीमीटरच्या पृष्ठभागाचा प्रत्येक मिलिमीटर सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे शक्य नसते, म्हणून ‘कडेवर पेशी आहेत’ किंवा ‘नाहीत’ या एका ओळीला इथे स्तनाच्या किंवा आतड्याच्या कर्करोगाइतके वजन देता येत नाही. डोळ्यांना दिसणारा आजार मागे राहिला की नाही, हा फरक मात्र निर्णायक असतो.

धोके सांगितल्याशिवाय हे चित्र अपुरे राहील. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या आठ अनुभवी केंद्रांनी २००२ ते २०११ या काळातल्या १,००७ रुग्णांची माहिती एकत्र केली. त्यात गंभीर गुंतागुंत १६.४ टक्के रुग्णांत झाली, सुमारे दहापैकी एकाला पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले, आणि ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १.८ टक्के होते. रक्तस्राव, आतड्याच्या जोडातून गळती, स्वादुपिंडाच्या कापलेल्या टोकातून रस झिरपणे, पोटात पू होणे या मुख्य गुंतागुंती. पोटात ठेवलेल्या ड्रेनच्या नळीतल्या पाण्यात अमायलेज हे स्वादुपिंडाचे पाचक द्रव्य तपासतात ते स्वादुपिंडाच्या गळतीसाठी. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने घरी गेल्यावरही सुमारे चार आठवडे द्यावी लागतात. मांडीच्या पुढच्या बाजूचा बधिरपणा आणि जिना चढताना जाणवणारा अशक्तपणा काहींच्या बाबतीत महिनोन्‌महिने टिकतो. हे आधी सांगितले नसेल तर रुग्णाला वाटते की काहीतरी बिघडले. याच १,००७ रुग्णांत पाच वर्षांनी ६७ टक्के आणि दहा वर्षांनी ४६ टक्के रुग्ण जिवंत होते. हे आकडे सर्व प्रकारांची सरासरी आहेत. सौम्य लायपोसार्कोमा आणि आक्रमक प्रकार यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर असते.

शस्त्रक्रियेआधी रेडिएशन द्यावे का, हा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी स्ट्रास नावाच्या चाचणीत २६६ रुग्णांना चिठ्ठी टाकून दोन गटांत विभागले गेले. एका गटाला आधी ५०.४ ग्रे (रेडिएशन मोजण्याचे एकक) रेडिएशन २८ छोट्या मात्रांत विभागून देऊन मग शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याची थेट शस्त्रक्रिया. २०२० साली निकाल आला. तीन वर्षांनी पोटात आजार न परतलेले रुग्ण पहिल्या गटात ६०.४ टक्के आणि दुसऱ्यात ५८.७ टक्के होते, म्हणजे फरक नगण्य. लायपोसार्कोमाच्या उपगटात थोडा फायदा असावा असे पुढच्या विश्लेषणात दिसले, म्हणून निवडक रुग्णांत त्याची चर्चा होते, सरसकट नाही. शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन देणे मात्र टाळतात, कारण गाठ गेल्यावर त्या पोकळीत आतडी येऊन बसतात आणि मारा त्यांच्यावर होतो. आक्रमक लायपोसार्कोमा व लायोमायोसार्कोमात आधी केमोथेरपी दिल्याने लाभ होतो का, हे पाहण्यासाठी दुसरी स्ट्रास चाचणी हाती घेण्यात आली.

कधी कधी दुसऱ्याच कारणासाठी पोट उघडले असता ही गाठ अवचित समोर येते. अशा वेळी जमेल तेवढी काढून टाकण्यापेक्षा काही न कापता पोट बंद करणे, आणि स्कॅन व बायोप्सी करून योग्य केंद्रात पाठवणे यातच शहाणपण असते. नातेवाइकांना हे माघार घेतल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात अर्धवट काढलेली गाठ रुग्णाच्या हातची सर्वांत चांगली संधी खर्च करून टाकते. केंद्र निवडताना ‘इथे अशी शस्त्रक्रिया होते का’ यापेक्षा ‘इथे वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात, आणि निर्णय रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट, कर्करोगतज्ज्ञ एकत्र बसून घेतात का’ हे विचारणे अधिक उपयोगाचे.

शस्त्रक्रियेनंतर पहिली दोन-तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षाला एकदा स्कॅन करतात. पाच वर्षे उलटली म्हणजे सुटलो, हा हिशेब इथे लागू पडत नाही. सौम्य लायपोसार्कोमा दहा वर्षांनंतरही परत येऊ शकतो. परत आलेली गाठ दिसली की लगेच कापायचे असेही नसते. न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या कर्करोग केंद्राने पुन्हा उद्भवलेल्या लायपोसार्कोमाच्या रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा महिन्याला ०.९ सेंटीमीटरपेक्षा वेगाने वाढणाऱ्या गाठींत दुसऱ्या शस्त्रक्रियेचा फारसा उपयोग झाला नव्हता. म्हणून त्रास नसेल तर बहुधा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून वाढीचा वेग आधी मोजतात. गाठ सावकाश वाढत असेल आणि पूर्ण निघण्याजोगी असेल, तर दुसरी आणि क्वचित तिसरी शस्त्रक्रियाही रुग्णाला चांगली वर्षे देते. वेग जास्त असेल तर औषधोपचार आधी सुरू करून गाठ त्यांना कसा प्रतिसाद देते हे पाहिले जाते, आणि शस्त्रक्रियेचा विचार त्यानंतर होतो.